मिलिमीटरमागचे वेळापत्रक

मुंबईत मोजणीचे काम करणाऱ्याला अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकावी लागते. दहा वर्षांपूर्वी पक्का केलेला कंट्रोल पॉइंट, म्हणजे मोजणीचा आधारबिंदू, जागेवरून तसूभरही हललेला नसतो, त्याचा काँक्रीटचा ठोकळा शाबूत असतो, त्यावरची पितळी खूणही शाबूत असते, आणि तरीही आजच्या उपग्रह मोजणीत त्याचे अक्षांश-रेखांश जुन्या कागदावरच्या आकड्यांपेक्षा अर्ध्या मीटरने वेगळे येतात. ग्राहकाला वाटते की दोहोंपैकी एका मोजणीत खोट आहे. प्रत्यक्षात दोन्ही बरोबर असतात. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे आणि कुलाब्यापासून मुलुंडपर्यंतचे सगळे बिंदू त्याच्यासोबत सरकत आहेत. आयटीआरएफ ही आंतरराष्ट्रीय संदर्भ चौकट मात्र कोणत्याही एका भूपट्टाला बांधलेली नाही, म्हणून त्या चौकटीतल्या सहनिर्देशकांपुढे तारीख लिहावी लागते. हे समजावून सांगितले की शहाणा ग्राहक पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. जमीन सरकते हे मान्य, पण ती सरकते हे कशाच्या तुलनेत?

उपग्रहांच्या तुलनेत, हे उत्तर अपुरे आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीभोवतीच फिरतात. त्यांच्या कक्षेचे प्रतल अवकाशात किती वळले आणि त्याच काळात पृथ्वी स्वतःभोवती किती फिरली, या दोन गोष्टी केवळ उपग्रहांच्या निरीक्षणांतून एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. दिवसाची लांबी आदल्या दिवसापेक्षा किती बदलली, इतके उपग्रह सांगू शकतात. पण पृथ्वी या क्षणी नेमक्या कोणत्या कोनात उभी आहे, हे सांगायला पृथ्वीशी कसलाही संबंध नसलेली खूण लागते. अशा खुणा म्हणजे क्वासार, दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यातील महाकाय कृष्णविवरांभोवतीचे तेजस्वी रेडिओ स्रोत. ते इतके दूर आहेत की त्यांची स्वतःची गती आपल्याला आकाशातील सरकण्याच्या रूपात जवळजवळ दिसतच नाही. २०१९ च्या १ जानेवारीपासून वापरात आलेल्या आयसीआरएफ ३ या खगोलीय चौकटीत अशा ४,५३६ स्रोतांची स्थाने दिलेली आहेत आणि त्यांपैकी ३०३ स्रोत चौकटीचे अक्ष ठरवतात. माझ्या हातातला रोव्हर, म्हणजे उपग्रह मोजणीचे फिरते यंत्र, जे रेखांश दाखवतो, त्यांचा शेवटचा आधार अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या या कृष्णविवरांपाशी आहे. मात्र तो आधार रोव्हरपर्यंत पोहोचण्याआधी मधे जी माणसे, वेळापत्रके, घड्याळे आणि नोंदवह्या येतात, त्यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

पद्धतीचे नाव व्हीएलबीआय. तत्त्व सोपे आहे. एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकाच क्वासारकडे वळवायच्या. त्याच्या लहरी एका दुर्बिणीवर आधी आणि दुसरीवर थोड्या उशिरा पोहोचतात. तो उशीर मोजायचा. प्रकाश एका पिकोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, ०.३ मिलिमीटर अंतर जातो. त्यामुळे उशीर दहा-वीस पिकोसेकंदांपर्यंत अचूक मिळाला की दुर्बिणींमधील अंतराचा हिशेब मिलिमीटरमध्ये येऊ लागतो. हे तंत्र १९६७ मध्ये प्रथम यशस्वी झाले. दोन दुर्बिणींमध्ये केबल नसते. प्रत्येक केंद्र स्वतःच्या हायड्रोजन मेसर या अतिशय स्थिर अणुघड्याळावर संकेत नोंदवून ठेवते आणि जुळणी नंतर होते. या ‘नंतर’ शब्दातच सगळी अडचण दडलेली आहे. टोटल स्टेशन या कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रावर काम करताना वाचन चुकले की आपण तिथल्या तिथे पुन्हा घेतो. येथे निरीक्षण यशस्वी झाले की नाही, हे निरीक्षकाला त्या वेळी कळतच नाही. क्वासारचा संकेत दुर्बिणीच्या स्वतःच्या गोंगाटाच्या हजाराव्या भागाइतका असतो. एकट्या केंद्रावर बसून तो दिसत नाही. दोन केंद्रांच्या नोंदी काही दिवसांनी, काही आठवड्यांनी समोरासमोर ठेवल्यावरच तो वर येतो.

म्हणून या क्षेत्रात समन्वय हाच मोजणीचा गाभा आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेली आयव्हीएस ही आंतरराष्ट्रीय सेवा हे काम पाहते. तिच्याकडे एकही दुर्बीण स्वतःच्या मालकीची नाही. वेगवेगळ्या देशांच्या संस्था आपापली केंद्रे, आपापले संगणक आणि आपापली माणसे काही दिवसांपुरती देऊ करतात आणि त्यातून वर्षभराचे मुख्य वेळापत्रक आखले जाते. अनेक वर्षे चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे दर आठवड्याला चोवीस तासांची दोन मुख्य सत्रे होतात. सोमवारी सुरू होणाऱ्या सत्राला आर१ म्हणतात आणि गुरुवारच्या सत्राला आर४. निरीक्षणापासून निकालापर्यंत पंधरा दिवसांहून अधिक काळ जाऊ नये, असे त्यांचे उद्दिष्ट असते. त्यांशिवाय रोज एक तासाची छोटी सत्रे होतात. हवाईतील कोकी पार्क आणि जर्मनीतील वेट्झेल या दोन केंद्रांची आठवड्यातील दिवसांची जोडी त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. ही सत्रे केवळ यूटी१ साठी, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा कोन कळावा यासाठी असतात. त्यांची प्रचलित वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साडेअठराची, म्हणजे आपल्याकडे बरोबर मध्यरात्रीची. यूटी१ मध्ये एका मिलिसेकंदाची चूक राहिली, तर मुंबईच्या अक्षांशावर ती ४४ सेंटिमीटर होऊन जमिनीवर उतरते.

चोवीस तासांच्या सत्राचे वेळापत्रक तयार करणे हे माझ्या मते या सगळ्यातील सर्वांत कौशल्याचे काम आहे. समजा आठ-दहा केंद्रे आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे एक क्वासार एकाच वेळी सर्व केंद्रांना दिसत नाही. मग केंद्रांचे गट पाडावे लागतात, काहींनी एका स्रोताकडे पाहायचे आणि काहींनी दुसऱ्याकडे. प्रत्येक दुर्बिणीचा वळण्याचा वेग निराळा असतो. दक्षिण आफ्रिकेतील हार्टेबीस्टहुक येथील २६ मीटर व्यासाची जुनी दुर्बीण संथपणे वळते, तर नव्या पिढीच्या १२-१३ मीटरच्या दुर्बिणी सेकंदाला १२ अंश फिरतात. जलद मार्गावर धीमी लोकल पुढे सोडली की मागच्या सगळ्या गाड्यांचे जे होते, तेच येथे होते. सर्वांत संथ दुर्बीण स्रोतावर स्थिर होईपर्यंत त्या गटातील बाकीच्या नुसत्या थांबून राहतात. दुर्बिणीच्या पोटातील केबलांना पीळ पडू नये म्हणून ती एका दिशेने ठरावीक मर्यादेपर्यंतच फिरू शकते. त्यामुळे शेजारचा वाटणारा स्रोत प्रत्यक्षात जवळजवळ पूर्ण वळसा घालून गाठावा लागतो, आणि वेळापत्रक आखणाऱ्या प्रोग्रामला प्रत्येक केंद्राचा हा पीळ क्षणोक्षणी लक्षात ठेवावा लागतो.

याहून गहन अडचण वातावरणाची. डोक्यावरील कोरड्या हवेमुळे लहरींच्या मार्गात सुमारे २.३ मीटरची भर पडते. क्षितिजापासून पाच अंशांवर पाहिले तर ती दहापट होते. कोरड्या हवेचा भाग वायुदाबावरून काढता येतो. पाण्याच्या वाफेमुळे होणारा उशीर मात्र कोणत्याही सूत्रात नीट बसत नाही. ज्याने जुलै महिन्यात मुंबईत उपग्रह मोजणी केली आहे, त्याला वाफेचा हा लहरीपणा वेगळा सांगायला नको. केंद्राची उंची, घड्याळाची चूक आणि वाफेचा उशीर या तीन अज्ञात राशी एकमेकींत अशा मिसळतात की सगळी निरीक्षणे आकाशाच्या मधल्या भागात घेतली तर त्या वेगळ्या काढणे अशक्य होते. त्यांना वेगळे करायचे तर थोड्या वेळात आकाशाच्या प्रत्येक बाजूला, डोक्यावर आणि क्षितिजालगत, पाहून यावे लागते. खाली पाहिले तर गोंगाट वाढतो, वर पाहिले तर अज्ञात राशी सुट्या होत नाहीत. तेजस्वी स्रोत थोड्या वेळात पुरेसा संकेत देतो, पण तेजस्वी स्रोत मोजकेच असतात आणि त्यांच्याकडेच पाहत राहिले तर आकाशाचा मोठा भाग रिकामा राहतो. वेळापत्रक म्हणजे या तडजोडींचा लेखी करार आहे. व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात तयार झालेला मुक्त आखणी प्रोग्राम एकाच सत्राची असंख्य वेळापत्रके वेगवेगळे निकष लावून तयार करतो, त्यांची आभासी निरीक्षणे चालवतो आणि मग त्यांतून निवड करता येते. प्रत्यक्ष दुर्बीण न पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसालाही हा खेळ घरच्या संगणकावर करता येतो, आणि एकदा केल्यावर मोजणीतील आपल्या स्वतःच्या नियोजनाकडे पाहण्याची दृष्टी पालटते.

आता केंद्रावर काय घडते ते पाहू. वेळापत्रकाची फाइल उतरवून घेतली जाते आणि त्या केंद्रापुरत्या आज्ञांमध्ये तिचे रूपांतर होते. नासाच्या गोडार्ड केंद्रात विकसित झालेली फील्ड सिस्टिम नावाची प्रणाली जगभरातील बहुतेक केंद्रांवर दुर्बीण, ग्राहक यंत्रणा आणि नोंदणी यंत्र चालवते. मेसर घड्याळाचे स्थैर्य असे असते की हजार सेकंदांत त्याची चूक पिकोसेकंदाच्या घरात राहावी. म्हणून ते वेगळ्या, तापमान काटेकोरपणे सांभाळलेल्या खोलीत असते. मेसरपासून दुर्बिणीच्या डोक्यापर्यंत वर जाणारी केबल मात्र उन्हाने तापते आणि दुर्बीण वळली की वाकते. तिची लांबी बदलली तर तो बदल थेट निकालात शिरतो. म्हणून केबलची विद्युत लांबी सत्रभर सतत मोजली जाते. येथे एक तपशील मला फार आवडतो. आकडा वाढला म्हणजे केबल लांब झाली की आखूड, हे यंत्राच्या जोडणीवर अवलंबून असते. म्हणून सत्राआधी कर्मचारी केबलमध्ये मुद्दाम एक छोटा जादा तुकडा जोडतो, आकडा कोणत्या बाजूला सरकतो ते पाहतो, नोंदवहीत लिहितो आणि तुकडा काढून घेतो. पिकोसेकंद मोजणाऱ्या यंत्रणेत चिन्ह अधिक की उणे, याचा निर्णय अखेर हाताने जोडलेल्या वीतभर तारेवर होतो. ही नोंद राहून गेली तर पुढे विश्लेषकाला त्या केंद्राची केबल-मोजणी अनेकदा सोडूनच द्यावी लागते.

सत्र सुरू करताना आणि संपवताना केंद्र सर्वांना संदेश पाठवते. त्यात घड्याळातील फरक, हवामान, वाऱ्यामुळे थांबवलेली निरीक्षणे आणि बिघडलेले चॅनेल यांची माहिती असते. नोंदवहीचा बराचसा भाग यंत्र स्वतः लिहिते, तापमान, दाब, आर्द्रता, केबल आणि ग्राहक यंत्रणेचा गोंगाट यांचे आकडे प्रत्येक निरीक्षणाला पडत जातात. पण त्या आकड्यांच्या मधे माणसाने टंकलेल्या एकेक ओळी असतात आणि खरे मोल त्यांचे असते.

नोंदवलेली माहिती पुढे कोरिलेटरपर्यंत, म्हणजे नोंदींची जुळणी करणाऱ्या केंद्रापर्यंत, जायला हवी. जुन्या पद्धतीत केंद्र सेकंदाला २५६ मेगाबिटच्या आसपास नोंद करत असे. व्हीगॉस या नव्या पद्धतीत, जी २ ते १४ गिगाहर्ट्झ एवढा विस्तृत पट्टा वापरते, हा वेग सेकंदाला ८ गिगाबिटपर्यंत जातो, म्हणजे ३० सेकंदांच्या एका निरीक्षणात ३० गिगाबाइट. एक तासाच्या छोट्या सत्रांची माहिती जाळ्यावरून लगेच पाठवतात, कारण यूटी१ चा अंदाज जितका शिळा तितका तो निरुपयोगी. मोठ्या सत्रांसाठी डिस्कचे पेटारे विमानाने पाठवण्याची पद्धत अनेक वर्षे सर्रास चालली आणि अजूनही पूर्णपणे संपलेली नाही. अंटार्क्टिकावरील जपानच्या स्योवा केंद्राच्या डिस्क तर वर्षातून एकदा येणाऱ्या बर्फफोड्या जहाजाने बाहेर पडतात. त्यामुळे तिथल्या सत्रांचा निकाल लागायला वर्ष उलटून जाऊ शकते आणि जलद निकालाच्या सत्रांत त्या केंद्राला घेता येत नाही. तरीही दक्षिण गोलार्धात केंद्रे इतकी विरळ आहेत की वर्षभर थांबूनही ती माहिती हवीच असते.

कोरिलेटर म्हणजे आज संगणकांचा एक मोठा समूह आणि त्यावर चालणारी डायफेक्स नावाची प्रणाली. बॉन, वॉशिंग्टन आणि हेस्टॅक ही त्यांपैकी जुनी ठिकाणे. तिथे आधी एखाद्या तेजस्वी स्रोताचे, उदाहरणार्थ ३सी ४५४.३ किंवा ४सी ३९.२५ या क्वासारचे, घेतलेले निरीक्षण निवडतात आणि केंद्रांची घड्याळे मायक्रोसेकंदांत किती सरकलेली आहेत हे त्यावरून शोधतात. दोन नोंदी योग्य उशिराने एकमेकींवर बसल्या की आलेखावर एक शिखर उभे राहते, त्याला फ्रिंज सापडली असे म्हणतात. ती सापडली नाही तर पुन्हा नोंदवहीकडे धाव घ्यावी लागते. घड्याळ चुकीच्या सेकंदावर लावले होते का? ध्रुवीकरण उलटे जोडले गेले का? चॅनेलांची अदलाबदल झाली का? केंद्रावरील कर्मचाऱ्याने आठवड्यापूर्वी रात्री दोन वाजता लिहिलेली एक ओळ येथे कित्येक दिवसांचे काम वाचवते.

कोरिलेटरमधून बाहेर पडलेली निरीक्षणे सर्वांसाठी खुली असतात, आणि मी गेली काही वर्षे संध्याकाळी ती उतरवून घेऊन स्वतः सोडवून पाहतो. माझ्या कार्यालयातील एक तरुण सहकारी अधूनमधून त्यात सामील होते. पहिल्यांदा पडद्यावर जे दिसते ते पाहून ती म्हणाली होती, “सर, ही मोजणी आहे की जिन्याच्या पायऱ्या?” अवशिष्ट चुकांचे, म्हणजे मोजलेला आणि हिशेबाने काढलेला उशीर यांतील फरकांचे, ठिपके एका रेषेत नव्हते, समांतर रेषांच्या थरांत पडले होते. उशीर वेगवेगळ्या अरुंद चॅनेलांवरून जुळवला जातो, त्यामुळे त्यात ५० नॅनोसेकंदांच्या पटीत संदिग्धता राहते. ५० नॅनोसेकंद म्हणजे १५ मीटर. प्रत्येक थर योग्य पटीने उचलून एका रेषेवर आणावा लागतो. त्यानंतर ८.४ आणि २.३ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांतील उशिरांची तुलना करून आयनावरणाचा परिणाम काढून टाकतात, कारण तो वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जे काम जीपीएसमध्ये दोन वारंवारता करतात तेच येथेही, म्हणून आम्हाला ते परके वाटले नाही.

परके वाटले ते त्रिकोणाचे. ट्रॅव्हर्सवर, म्हणजे बिंदूमागून बिंदू घेत जाणाऱ्या मोजणीच्या फेरीवर, वाढलेल्या माणसाचा क्लोजिंग एररवर गाढ विश्वास असतो. फेरी जिथून सुरू केली तिथे मिलिमीटरमध्ये बंद झाली की तो निश्चिंत होतो. व्हीएलबीआयमध्येही तीन केंद्रांमधील उशिरांची बेरीज शून्य यायला हवी. सहकारीने ती करून पाहिली, ती जवळपास शून्य आली आणि तिने ते सत्र निर्दोष ठरवले. मी तिला म्हटले, “अगं, यातलं एक घड्याळ पार बिघडलेलं असलं तरी ही बेरीज शून्यच येईल.” कारण एका केंद्राचे घड्याळ पुढे असेल तर त्याची चूक त्रिकोणाच्या एका बाजूत अधिक चिन्हाने आणि दुसऱ्या बाजूत उणे चिन्हाने येते, आणि बेरजेत नाहीशी होते. वातावरणाचेही तसेच, केबलचेही तसेच. त्रिकोण बंद होत नसेल तर दोष बहुधा क्वासारच्या आकारात असतो, म्हणजे तो बिंदूसारखा नसून त्यातून एका बाजूला झोत निघालेला असतो, अथवा संकेतच क्षीण असतो. केंद्राच्या दोषांविषयी त्रिकोण एक अक्षर बोलत नाही. मोजणीच्या धंद्यात इतकी वर्षे घालवल्यावरही मला हे पचवायला वेळ लागला, आणि आता मी आमच्या ट्रॅव्हर्सकडेही थोड्या संशयाने पाहतो.

त्याच सत्रात पुढे असे दिसले की एका केंद्राच्या सर्व बेसलाइनवर, म्हणजे इतर केंद्रांशी झालेल्या त्याच्या सर्व जोड्यांत, दुपारनंतर ठिपके एकदम काही पिकोसेकंद नव्हे, तर चांगले नॅनोसेकंदभर वर उचलले गेले होते. वादळ असावे, असा सहकारीचा पहिला अंदाज होता, पण वातावरण इतक्या तीक्ष्ण पायरीने बदलत नाही. आम्ही त्या केंद्राची नोंदवही उघडली. हवामानाच्या आकड्यांमध्ये काहीच विशेष नव्हते. केबलच्या आकड्याने मात्र नेमक्या त्याच मिनिटाला उडी मारली होती आणि त्याच्या वर एक ओळ होती की ग्राहक यंत्रणेच्या कक्षातील सैल जोडणी घट्ट केली. बस, एवढेच. त्या क्षणी घड्याळाच्या चुकीसाठी बसवलेला वक्र तोडून दोन्ही बाजूंना वेगवेगळा बसवला की अवशिष्ट पुन्हा सपाट झाले. ती ओळ नसती तर आम्ही तो वक्र अंदाजाने तोडला असता आणि एखाद्या खऱ्या भूगर्भीय हालचालीला घड्याळाचा दोष समजण्याची, अथवा उलटे करण्याची, सवय अंगी भिनली असती.

खऱ्या हालचाली घडतात. २०१० च्या २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा कॉन्सेप्सियोनचे केंद्र सुमारे तीन मीटर पश्चिमेला सरकले. पुढच्या वर्षी ११ मार्चच्या भूकंपात जपानमधील त्सुकुबाची दुर्बीण अर्ध्या मीटरहून अधिक पूर्वेला गेली आणि त्यानंतरही सावकाश सरकत राहिली. वेट्झेलबरोबरची शनिवार-रविवारची यूटी१ सत्रे त्या काळी त्सुकुबावर अवलंबून होती. केंद्राचे जुने स्थान धरून हिशेब केला असता तर पृथ्वीच फिरण्यात अडखळली, असा निकाल आला असता. भूकंपानंतरचे हे दीर्घकाळ चालणारे सरकणे आयटीआरएफ २०१४ पासून सूत्राच्या रूपात चौकटीतच समाविष्ट केले गेले.

या सगळ्यात भारत कोठे आहे? निरीक्षण केंद्रांच्या नकाशावर आफ्रिकेच्या दक्षिणेपासून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेपर्यंत आणि वर चीनच्या उरुम्चीपर्यंत मोठी पोकळी आहे, आणि आपण तिच्या मध्यभागी बसलेलो आहोत. रेडिओ खगोलशास्त्रात आपण मागे आहोत असे नाही. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये आपल्या कल्याणला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या ३२ छोट्या तबकड्या मांडून सूर्याची निरीक्षणे सुरू केली, त्यानंतर उटीची दुर्बीण झाली आणि मग नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी उभी राहिली. जीएमआरटी मात्र लांब तरंगलांबीची दुर्बीण आहे, तिची मर्यादा दीड गिगाहर्ट्झच्या अलीकडेच संपते आणि भूगणितीय निरीक्षणांचा पट्टा त्याच्या पलीकडे सुरू होतो. शिवाय अशा अजस्र तबकड्या आकाशात झटपट इकडून तिकडे नेण्यासाठी बांधलेल्याच नसतात. त्यामुळे ‘आपल्याकडे जीएमआरटी आहे ना?’ हा मला नेहमी विचारला जाणारा प्रश्न सदिच्छेचा असला तरी येथे लागू पडत नाही.

मुंबईकराला याची गरज काय, तर समुद्र. अपोलो बंदरावरील भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासूनची आहे, हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. तिच्यातून दिसणारा पाण्याच्या पातळीचा शतकभराचा कल वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास आहे. पण भरतीमापक समुद्राची पातळी जमिनीच्या तुलनेत दाखवतो. जमीन स्वतः खचते आहे की उचलली जाते आहे, हे त्याला कळत नाही. ते कळण्यासाठी पृथ्वीच्या केंद्राला बांधलेली आणि आपले माप न बदलणारी चौकट लागते, आणि त्या चौकटीचे माप व्हीएलबीआय आणि उपग्रहांचे लेझर अंतरमापन या दोन तंत्रांवर उभे आहे. उपग्रहांवरील रडार समुद्राची उंची मोजतात तीही याच चौकटीत. म्हणून चौकटीची अचूकता १ मिलिमीटर आणि तिचे स्थैर्य वर्षाला ०.१ मिलिमीटर असावे, असे उद्दिष्ट भूगणितज्ञांनी ठेवले आहे. मोजायची गोष्टच वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर असेल, तर मोजपट्टी त्याच्या दहापट स्थिर हवी, हे कोणत्याही गवंड्यालाही पटेल. २०१५ च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जागतिक भूगणितीय संदर्भ चौकटीविषयी ठराव केला. १ मिलिमीटरचे ते उद्दिष्ट अजून गाठलेले नाही, आणि नव्या उपग्रहजाळ्यांचा १०.७ ते १२.७ गिगाहर्ट्झमधील गजबजाट व्हीगॉसच्या पट्ट्याच्या आतच येऊन बसला आहे.

उद्दिष्ट न गाठण्याचे एक कारण तर थेट आमच्या धंद्यातले आहे. व्हीएलबीआय, जीपीएस आणि लेझर यांची चौकट एक व्हायची तर एकाच आवारात उभ्या असलेल्या या यंत्रांमधील अंतर जमिनीवरून मिलिमीटरच्या आत मोजलेले हवे. जीपीएसच्या खांबावर प्रिझम ठेवता येतो. पण दुर्बिणीचा संदर्भबिंदू म्हणजे तिच्या दोन अक्षांचे छेदन, आणि तो यंत्राच्या पोटात, हवेत कोठेतरी असतो. त्याला हात लावता येत नाही, त्यावर काही ठेवता येत नाही. मग तबकडीवर प्रिझम लावतात, दुर्बीण थोडीथोडी फिरवतात, भोवतालच्या खांबांवरून टोटल स्टेशनने प्रत्येक स्थितीत प्रिझम टिपतात, त्या बिंदूंमधून वर्तुळे बसवतात आणि वर्तुळांच्या केंद्रांवरून अक्ष शोधतात. उन्हाने पोलादी बुरूज काही मिलिमीटर वर जातो, म्हणून तापमानही टिपावे लागते. या स्थानिक जोडणीचे आकडे आणि अवकाशातून आलेले आकडे यांत अनेक ठिकाणी कित्येक मिलिमीटरची तफावत आहे, आणि चौकट बांधणारे तिला साखळीतील कच्चा दुवा मानतात. भारतात असे केंद्र उभे राहायचे तर पक्का खडक, मोकळे क्षितिज, रेडिओ शांतता, मेसर सांभाळणारी पाळीची माणसे आणि जाड फायबर एवढे सगळे लागेल. ते जमवणे सरकारचे काम आहे. त्या केंद्राच्या स्थानिक जोडणीची निविदा निघाली, तर मात्र आमचे टोटल स्टेशन कॅलिब्रेट करून तयार आहे.